आवाज तुटला की थांब

सोमवार, ३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी वही दिली आहे. रोज भरायची. झोप कशी लागली, डोकं दुखलं का, कामात लक्ष होतं का, मन कसं आहे. प्रत्येकाला एक रकाना, आणि रकाना माझ्या अंगठ्याएवढा. पहिल्याच दिवशी ‘मन कसं आहे’ भरून उतू गेलं, म्हणून ही दुसरी वही मी माझ्या पैशाने आणली. ही त्यांना दाखवायची नाही. इथे मी हवं तेवढं लांबण लावीन.

तर गोष्ट अशी. मी क्रेनला खालून वाट दाखवते. क्रेनवाला वर ढगात बसतो, त्याला खालचं अर्धं दिसतच नाही. मी खाली हातात वॉकीटॉकी घेऊन उभी असते आणि त्याचे डोळे बनते. “हूक खाली, चालू दे, चालू दे, चालू दे, दोन हात, एक हात, थांब.” दिवसभर हेच. वॉकीटॉकीला आम्ही नुसतं ‘सेट’ म्हणतो. सेट कानाला, आणि कानाच्या आत मेंदू.

गेले काही महिने डोकं भणभणतं. शब्द ऐन वेळी पळून जातात. परवा ‘पाना’ आठवेना, तर फिटरला म्हटलं, “तो तुझा पिळायचा दे.” तो अजून हसतोय. उन्हाळ्यात साइटवर नवे सेट आले आणि त्यानंतरच हे सगळं सुरू झालं. या सेटच्या लहरींचा डोक्यावर, मनावर काही परिणाम होतो का, याची डॉक्टरीणबाई पाहणी करताहेत. सेट वापरणारी पुष्कळ माणसं तपासून झाली, मी शेवटच्यांपैकी. कोणीतरी मला विचारतंय तरी! नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो चहा कमी कर. त्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. देव त्यांचं भलं करो.

सेटमुळेच असू दे. हे मी इथेच लिहू शकते. कारण सेटमुळे नसेल, तर मग ते आईचं असेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज पहिली भेट. दोन भेटी आहेत. एकीत कानाला बांधलेला सेट खरोखर लहरी सोडणार, दुसरीत नुसताच गरम होणार. कधी कुठला, ते मलाही ठाऊक नाही आणि बाईंनाही. ते पाकिटात बंद आहे. मला हे फार आवडलं. म्हणजे बाई माझ्या तोंडाकडे बघून हसल्या, तरी त्यातून काही कळायची सोय नाही.

आधी एक लांबलचक फॉर्म. चष्मा, रक्तदाब, पडझड, औषधं. मध्येच प्रश्न, पाळी नियमित आहे का. आता लहरींचा आणि त्याचा काय संबंध? आणि शेजारच्या खुर्चीवर एक सुरक्षारक्षक त्याचा फॉर्म भरत बसलेला. मी तिथे एक रेघ मारली आणि पुढे गेले.

मग पडद्यावर अक्षरं येतात, तेच अक्षर पुन्हा आलं की बटण दाबायचं. आकडे उलटे म्हणायचे. मला तर मजा आली. खिडकी उघडी होती, छान गार वारा येत होता. डोकं एकदम स्वच्छ. येताना बाईंना म्हटलं, आज सेट बंद होता, मी पैज लावते. बाई म्हणाल्या, “मला खरंच माहीत नाही हो.”

रविवार, ९ नोव्हेंबर

आज आईकडे जायचं होतं. भावाला फोन केला, म्हटलं पाय दुखतोय. त्याने आईला सांभाळलंय म्हणून मी इथे सुखाने दोन घास खाते, हे मला कळतं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण मला तिथे जाववत नाही. ती माझ्याकडे बघते आणि मला वाटतं मी आरशासमोर बसले आहे.

आईचं सुरू झालं तेव्हा ती माझ्याच वयाची होती, पन्नाशीला दोन कमी. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडायच्या. ती बोलता बोलता थांबायची आणि कारण नसताना डोळे पुसायची. आम्ही भावंडं खो खो हसायचो. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलं, तेव्हा मला ते पिठाचे डबे आठवले आणि आमचं ते हसणं.

नवरा शेजारी कुडकुडत उठला. रात्री मी पांघरूण लाथाडते, खिडकी उघडते, आणि पहाटे पुन्हा पांघरूण ओढून घेते, तेही त्याचं. तो पाववाल्याची गाडी चालवतो, अंधारातच उठतो. बिचारा आता लोकरी टोपी घालून झोपतो, पण खिडकी लाव म्हणत नाही. असा नवरा मिळायला पुण्य लागतं. चहाबद्दलचं मी माफ केलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मोठा शोध लागला!

सामानाच्या खोलीत बॅटरी बदलायला गेले होते. तिथला पोरगेलासा कारकून म्हणाला, “या सेटचा जोर कमी करता येतो, बाई. बाजूचं बटण दाबून धरायचं. बॅटरी जास्त टिकते.” मी विचारलं, म्हणजे लहरीही कमी सुटतात? तो म्हणाला, सुटणारच की. मी तिथेच बटण दाबून धरलं. पडद्यावर कोपऱ्यात एक चिन्ह बदललं, बस.

हे मला आधी का नाही कोणी सांगितलं? कारकुनाला दोनदा धन्यवाद दिले, तो लाजला. आता आईकडे जाणारा रस्ता बंद. निदान सेटच्या बाजूने तरी.

घारीला काही सांगितलं नाही. घार म्हणजे आमचा क्रेनवाला. वर बसतो, खालचा उंदीरसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून सगळे त्याला घार म्हणतात. मी समोर ‘दादा’ म्हणते. नऊ वर्षं आम्ही जोडीने काम करतो आणि समोरासमोर बसून बोललो असू ते दोन-चारदाच. तो सकाळी डबा घेऊन वर चढतो तो संध्याकाळीच उतरतो. पण त्याचा आवाज मी माझ्या नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ऐकला आहे. सेटचं नाव काढलं की तो म्हणतो, “मला तर काही झालं नाही.” म्हणून नाही सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोन दिवस डोकं हलकं. वहीच्या रकान्यात ‘मन: छान’ लिहिलं. आज साहेबांना नमस्कारही हसून केला, तर ते दचकले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हलकं वाटत होतं ते उगाच.

इमारतीच्या मधोमध लिफ्टसाठी काँक्रीटचा उभा खोका चढवला आहे. त्याच्यामागे तयार जिने उतरवायचे काम चाललंय. तिथलं घारीला वरून काहीच दिसत नाही, सगळं माझ्या आवाजावर. अशा वेळी आमचा एकच नियम. मी बोलत राहायचं, एक क्षण गप्प बसायचं नाही. आवाज तुटला की त्याने हूक जागच्या जागी थांबवायचा.

आज जिना अर्धा खाली आला आणि थांबला. मी बोलतच होते. सेटवर घार म्हणाला, “काय म्हणालीस? वाक्य अर्धंच सोडलंस.”

मी म्हटलं, “चालू दे म्हणाले, दादा.”

“बरं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. “ताई, मध्येच गप्प का झालीस?”

मी गप्प झाले नव्हते. मला तरी तसं वाटत नाही. पण आईलाही तसं वाटत नाही.

आणि हे नवे सेट इतके साफ ऐकू येतात, जुन्यांसारखी खरखर नाही, गुरगुर नाही. त्याला चुकीचं ऐकू आलं असं म्हणायलासुद्धा जागा नाही. त्याचा शब्द न् शब्द मला स्पष्ट येतो. माझंच काहीतरी सुटतंय. सेटचा जोर एवढा कमी करूनही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुसरी भेट. आज सेट चालू होता. शंभर टक्के. खोलीत शिरल्यापासून अंगाची लाही लाही. खिडकी बंद, कोपऱ्यात हीटर, बाईंच्या अंगात स्वेटर आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा. कानाला सेट बांधला आणि पाचव्या मिनिटाला डोकं फुटायला आलं. आकडे उलटे म्हणताना जीभ अडखळली. छातीत धडधड.

बाईंनी पाणी दिलं, थांबवू का विचारलं, हात धरून बसल्या. मी म्हटलं, थांबवू नका, पुरावा होऊ दे.

घरी येताना डोकं ठणकत होतं आणि मी मनातून आनंदात होते. लहरी सापडल्या. माझा मेंदू आईसारखा नाही, माझा मेंदू नुसता भाजून निघालाय! भाजलेलं बरं तरी होतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज साहेब आले. जिन्यांचं काम मागे पडलंय. हूक सारखा मध्येच थांबतो, फिटर तोंड वर करून उभे राहतात. साहेबांनी माझ्यासमोरच सेट घेतला आणि वर विचारलं, “काय भानगड आहे?”

मी खाली मान घालून उभी. आता घार सांगणार, बाई मध्येच गप्प होतात, दुसरं माणूस द्या.

घार म्हणाला, “वर वारा आहे साहेब. झोत येतो, थांबावं लागतं.”

समोर फिटरच्या विडीचा धूर सरळ वर जात होता. साहेबांनी धुराकडे पाहिलं, क्रेनकडे पाहिलं आणि गेले.

मी सेट कानाला लावला. तोच म्हणाला, “चल, घे पुढचा जिना. सावकाश बोल. विसरलीस तर मी थांबलेलाच आहे.”

विसरलीस तर. म्हणजे त्यालाही तेच वाटतंय. त्याने माझ्यासाठी वाऱ्याला कामाला लावलं. हे मी कधी विसरणार नाही, असं लिहायला गेले आणि पेन थांबलं. माझ्या तोंडी हे वाक्य आता शोभत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

जावेचं नाव आठवलं नाही. ‘धाकट्याची बायको’ म्हणून वेळ मारून नेली. नवऱ्याच्या लक्षात आलं. रात्रीची भांडी त्यानेच घासली.

गुरुवार, ४ डिसेंबर

पाहणी संपली, पाकिटं उघडली. बाईंनी प्रत्येकाला बोलावून ज्याचं त्याला सांगितलं. मी नवा ड्रेस घालून गेले होते, निकाल ऐकायला.

ज्या दिवशी मी पैज लावली, डोकं स्वच्छ, आकडे धडाधड, त्या दिवशी सेट पूर्ण जोरात चालू होता. ज्या दिवशी डोकं फुटत होतं, त्या दिवशी तो नुसता गरम होत होता. गरम पाण्याच्या पिशवीएवढाच त्याचा गुन्हा.

“म्हणजे मी नाटक केलं?” मी विचारलं. आवाज चढला माझा.

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचं डोकं दुखत होतं. मी पाहिलंय ना. घाम खोटा येत नाही. फक्त ते सेटमुळे नव्हतं. आमच्या या छोट्याशा पाहणीत बहुतेकांचं असंच दिसलं.”

“मग कशामुळे?”

“ते या पाहणीतून मला कळत नाही. पण तुमची दोन्ही वेळची उत्तरं चांगली आहेत. दुसऱ्या वेळी जराशी सावकाश, एवढंच. लक्षात ठेवण्यात तर तुम्ही पुष्कळांच्या पुढे आहात.”

एवढं चांगलं बोलल्या त्या, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. लोकांना लहरी निघाल्या नाहीत म्हणून हायसं वाटतं. माझ्या हातची एकुलती एक आशा गेली. परीक्षा चांगली गेली याला काय अर्थ? आईसुद्धा डॉक्टरांसमोर ताठ बसते, गोड बोलते, तारीखसुद्धा अंदाजाने बरोबर ठोकते.

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, कोणाला तरी दाखवा, सोसत राहू नका. त्यांना काय ठाऊक कोणाला दाखवायचं आणि काय ऐकायचं. तरी बाई भल्या आहेत. त्यांनी मला वेडी म्हटलं नाही.

बुधवार, १० डिसेंबर

आजचं सगळं लिहायचं आहे.

चार दिवस विचार केला. खोक्यामागे हूक थांबतोच आहे. घार थांबतो म्हणून निभावतंय. उद्या मी ‘थांब’ म्हणायचं विसरले तर? खाली फिटर असतात, त्यांच्या घरी त्यांच्या ताटाला ताट लावून बसणारी माणसं असतात. माझ्या भीतीपायी कोणाच्या डोक्यावर जिना यायला नको. दहाच्या सुट्टीत सेट उचलला. आमचा चॅनल दोघांचाच.

“दादा, शुक्रवारपर्यंत करते. मग साहेबांना सांगून सेट ठेवते.”

“का?”

“तुम्हाला माहीत आहे का ते. माझे शब्द सुटतात. माझ्या आईचं हेच झालं.”

घार म्हणाला, “तिथेच थांब. हलू नकोस.”

आणि तो उतरायला लागला. भर दिवसा, संध्याकाळ व्हायच्या आत. फिटरांनी चहाचे कप खाली ठेवले. कोणीतरी म्हणालं, क्रेनला आग लागली की काय! तो एकेक पायरी उतरत होता, साठीला आलेला माणूस. शेवटी तो माझ्यासमोर उभा राहिला, गुडघे चोळत. मी विसरलेच होते की तो माझ्यापेक्षा बुटका आहे.

“बोल,” तो म्हणाला. “इथे, समोर. काय झालं ते पहिल्यापासून सांग.”

मी सांगितलं. पिठाचे डबे, पाहणी, पाकीट, सगळं. तो डोळ्याची पापणी न हलवता ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “एवढं बोललीस, एकही वाक्य तुटलं नाही.”

“समोर नाही तुटत. सेटवर तुटतं.”

“हं.” त्याने कान खाजवला. “असं कर. त्या खोक्यामागे जा. फिटरला बरोबर घे. आणि सेटवर एकापासून पन्नासपर्यंत म्हण.”

मी फिटरला बाजूला उभं केलं आणि पन्नासपर्यंत म्हटलं, शाळेत म्हणतात तसं, मोठ्याने. बाहेर आले तर घार म्हणाला, “तू नऊनंतर एकदम सोळा म्हणालीस. मग बावीस. मग काहीच नाही.”

पण फिटर म्हणाला, “छे हो! सगळे म्हटले की. मी शेजारी उभा होतो. एकही सोडला नाही.”

घारीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातात स्वतःचा सेट दिला, माझा स्वतः घेतला. “पुन्हा जा.”

पुन्हा पन्नास. या वेळी बाहेर आले तर तो हसत नव्हता, पण त्याचं तोंड वेगळंच झालं होतं. “सगळे आले,” तो म्हणाला. माझा सेट डोळ्यांजवळ धरून तो कोपऱ्यातलं चिन्ह न्याहाळत होता. “याचा जोर कमी केलेला आहे. कोणी केला?”

“मी.”

“कधी?”

“महिना झाला. लहरी कमी याव्यात म्हणून.”

तो मागे वळला आणि सिमेंटच्या पोत्यावर धपकन बसला. मला वाटलं त्याला चक्कर आली. तो हसत होता. हसता हसता डोळे पुसत होता. “अगं माझ्या आई! एवढी जाड भिंत मध्ये, आणि तू सेटचा गळा दाबून माझ्याशी बोलतेस? जुना सेट असता तर खरखरला असता, मला लगेच कळलं असतं. हा मेला शब्द मुकाट्याने गिळतो. मला काय वाटलं, तूच गप्प होतेस. महिनाभर मी घरी बायकोला सांगतोय, आमच्या ताईचं काही खरं नाही!”

मला राग आला, आधी त्याचा, मग कारकुनाचा, मग माझा. मग मी रडले. फिटर चहा आणायच्या निमित्ताने पळाला. साइटवर कोणाला रडणारी बाई बघायची सवय नाही. इथे मी एकटीच बाई आहे.

रडून झाल्यावर मी म्हटलं, “पण दादा, शब्द त्याच्या आधीपासून विसरते. डोकं दुखतं. जावेचं नाव विसरले. ते काही सेटने गिळलं नाही.”

घार एकदम लाल झाला. बुटाच्या टोकाने वाळू उकरत म्हणाला, “वरून सगळं दिसतं. एवढ्या थंडीत तू मध्येच जॅकेट काढतेस, हेल्मेटने वारा घेतेस, पाच मिनिटांनी पुन्हा जॅकेट घालतेस. आमच्या घरी दोन वर्षं असंच चाललं होतं.” त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. “माझी बायको. बोल तिच्याशी. मी ऐकणार नाही.”

आणि तो पाण्याच्या पिंपापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

मी कधी न पाहिलेली ती बाई पहिल्याच वाक्यात म्हणाली, “पाळीचं काय चाललंय तुझं?”

मी इकडेतिकडे पाहून हळूच सांगितलं. कधी दोन महिने नाही, कधी महिन्यात दोनदा.

“आणि रात्री पांघरूण फेकतेस? शब्द सापडत नाहीत? उगाच रडू येतं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अगं बाई, मी त्या दोन वर्षांत नवऱ्याच्या चपला फडताळात ठेवल्या होत्या आणि दुधाचं पातेलं जिन्यात! माझी खात्री होती, मला वेड लागलंय. पाळी जायच्या वेळी सगळ्यांना एवढं होतं असं नाही, पण व्हायचं त्याला होतं. चांगल्या डॉक्टरणीकडे जा, औषधं असतात. मुकाट्याने सोसू नकोस. आणि आमच्या माणसाला वर पाठव, त्याला खाली सर्दी होते.”

मी फोन परत दिला. घार म्हणाला, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” तो चढायला लागला. मी त्याला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर पुन्हा रडले असते. म्हणून आता लिहिते. दादा, तुम्ही महिनाभर प्रत्येक वेळी थांबलात. एकदाही अंदाजाने हूक खाली सोडला नाहीत. माझी अक्कल गहाण पडली होती तेव्हा तुमचा नियम जागा होता. त्या फिटरच्या घरच्यांच्या वतीनेही मी तुमचे आभार मानते, त्यांना हे कधी कळणार नाही.

बटण दाबून सेटचा जोर पुन्हा वाढवला. दुपारनंतर सगळे जिने न थांबता उतरले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

बायकांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आले. नवऱ्याने गाडीचा मालक गाठून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि बाहेर बाकावर लोकरी टोपी मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरणीने रक्त तपासायला घेतलं, म्हणाली बहुतेक वयाचंच आहे, इलाज आहे. मी म्हटलं म्हणून डोक्याचीही तपासणी केली. ठीक निघाली.

तरी मी आईचं सांगितलं. ती म्हणाली, “सुरू कधी झालं?” मी म्हटलं, माझ्या वयाची होती तेव्हा. ती म्हणाली, “आता त्यांचं वय काय?” अठ्ठ्याहत्तर. ती पेन ठेवून म्हणाली, “तीस वर्षं? आणि आजाराचं निदान चार वर्षांपूर्वी? मध्ये त्यांनी काय केलं?”

मध्ये तिने काय केलं? भावाचं लग्न केलं. दुकानाचा हिशेब तोंडी ठेवला. माझ्या बाळंतपणात दोन घरं चालवली. मी डॉक्टरणीला हे सांगता सांगता गप्प झाले. मग उगाच चिडले आणि म्हटलं, ते मला काही नीट आठवत नाही.

पाहणीवाल्या बाईंना फोन केला. सांगून टाकलं की फॉर्ममध्ये मी रेघ मारली होती. त्या म्हणाल्या, “ती रेघ मी पाहिली होती. मीच पुन्हा विचारायला हवं होतं.” एकमेकींची माफी मागत आम्ही दोघी हसलो.

नवऱ्याला घरी आल्यावर सगळं समजावलं. तो विचार करून म्हणाला, “म्हणजे चहामुळे नाही?” मग म्हणाला, “दोन पांघरुणं घेऊ या. एकेकाला एकेक.” लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि हे आत्ता सुचलं आम्हाला.

रविवार, १४ डिसेंबर

आज गेले.

भावाने दार उघडलं, माझी पिशवी हातातून घेतली. उन्हाळ्यापासून मी आले नव्हते. त्याचे केस पांढरे झालेत. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो म्हणाला, “बस, चहा टाकतो.”

आई खिडकीपाशी खुर्चीत. छोटी झाली आहे. नखं नीट कापलेली, केस विंचरलेले. हे सगळं तो करतो.

“आई, ताई आली,” तो म्हणाला.

“कोणाची ताई?” तिने विचारलं, आणि माझ्याकडे बघून हसली, नव्या शेजारणीकडे बघतात तसं. “या, बसा.”

मी बसले. वाटलं होतं तेवढं भयंकर वाटलं नाही. ती आई होती, एवढंच. आरसा नव्हता. मी काहीबाही बोलत राहिले, क्रेन, जिने, दादा उतरले ते. आणि मध्येच आलं ते. गळ्यापासून वर जाळ, कपाळावर घाम. मी स्वेटर काढायला लागले, तो डोक्यात अडकला.

आई उठली. तिने तो सोडवला, घडी करून मांडीवर ठेवला. खिडकीतलं वर्तमानपत्र घेतलं, दुमडलं आणि मला वारा घालायला लागली.

“होतं असं,” ती म्हणाली. “मलाही व्हायचं. भर थंडीत.”

मी तिच्याकडे वळून बसले.

“किल्ल्या कुठे ठेवल्या ते कळायचं नाही. एकदा तर पिठात टाकल्या.” ती हसली. “रडू यायचं. मला वाटलं, मला वेडच लागलं.”

“मग?”

“मग काय? गेलं. दोन-तीन वर्षं त्रास दिला आणि गेलं. एक दिवस बघते तर डोकं आपलं जागेवर.” ती वारा घालतच होती. “माझी मोठी तेव्हा शाळेत होती. तिला काही सांगितलं नाही मी. उगाच घाबरली असती पोर.”

स्वयंपाकघरात भाऊ कप धुवायचा थांबला होता.

आईने वर्तमानपत्राचा हात बदलला, दुसऱ्या हाताने माझ्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारले, आणि मला नीट न्याहाळून म्हणाली, “एवढी घाबरलीस कशाला? तुला आई आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं.

“मग तिला विचारायचंस.”